मॅटर आपलं, कुलूप दुसऱ्याचं

लिनक्सवर कोरेल चालतं का, हा प्रश्न अलीकडे मला बरेच जण विचारतात. विचारणारे आपल्याच धंद्यातले असतात. कुणी अंबाजोगाईतला, कुणी केजचा, कुणी परळीचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं करून पोट भरणारी माणसं. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार थांबवला. जुन्या मशीनवर विंडोज 11 बसत नाही, नवं मशीन घेण्याची सगळ्यांची ऐपत नाही, आणि लिनक्स फुकट आहे असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मी बऱ्याच वर्षांपासून लिनक्सवर काम करतो हे गावात माहीत आहे, म्हणून माझ्याकडे येतात.

सुरुवातीला मी या प्रश्नाला छातीठोकपणे ‘चालतं की’ म्हणून सांगायचो. त्या ‘चालतं’पायी माझं काय झालं आणि माझ्यामुळे दुसऱ्यांचं काय झालं, ते मात्र सांगत नव्हतो. ते आता सांगतो.

मी 1999 मध्ये अंबाजोगाईत मंडी बाजाराजवळच्या एका गाळ्यात डीटीपी सुरू केलं. त्या वेळी माझ्या कॉम्प्युटरमधलं एकही सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नव्हतं. विंडोज, कोरेलड्रॉ, पेजमेकर, फोटोशॉप हे सगळं मशीन जोडून देणाराच टाकून द्यायचा. पुढे मराठी फाँटचं एक पॅकेज डाँगलसकट विकत घेतलं, कारण त्याशिवाय बाहेरून आलेल्या फाइली नीट उघडत नसत. म्हणजे जिथे पैसे दिल्यावाचून सुटका नव्हती तिथेच मी ते दिले. पंधरा वर्षं असा धंदा केला. त्यावर घर बांधलं, मुलांची शिक्षणं केली. सगळेच तसं करत होते हे खरं आहे. पण मी जे केलं त्याला चोरी याशिवाय दुसरा शब्द नाही.

2014 मध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. 8 एप्रिलला विंडोज एक्सपीचा आधार संपला, आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसने उच्छाद मांडला. फोल्डर गायब व्हायचे आणि त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायचे. सकाळचा बराच वेळ मशीन साफ करण्यात जायचा. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या पुतण्याने एका मशीनवर उबुंटू लिनक्स टाकून दिलं. व्हायरसचा त्रास त्या मशीनपुरता तिथेच थांबला. मी खूश झालो आणि दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागलो की आम्ही आता चोरीचं वापरत नाही. ते खोटं होतं. लिनक्स टाकल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की तेच क्रॅक केलेलं जुनं कोरेल वाइनमधून त्यावर चढवलं.

पुतण्या तेव्हाच म्हणाला होता, “काका, इंकस्केप शिका. कोरेल इकडे ओढून आणू नका.” मी ऐकलं नाही. पंधरा वर्षांचा हात होता. डोळे मिटून शॉर्टकट दाबत होतो. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाने पुन्हा शिकाऊ व्हायचं, हे मला नको होतं. ही खरी गोष्ट आहे. बाकी सगळी कारणं मी नंतर शोधली.

वाइन म्हणजे विंडोजच्या प्रोग्रॅमला लिनक्सशी बोलायला लावणारा दुभाषा. 1993 पासून लोक त्यावर खपताहेत आणि त्याची 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं. विंडोजच्या पोटात काय चालतं हे बाहेरून पाहून, तसंच वागणारं दुसरं काहीतरी उभं करायचं, हे काम किती अवघड आहे याची मला आता कल्पना आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल आदर आहे. खुद्द कोरेल कंपनीने 1999 मध्ये स्वतःचं लिनक्स काढलं, 2000 मध्ये कोरेलड्रॉ 9 ची लिनक्स आवृत्ती आणली, आणि तीही वाइनच्याच आधाराने चालायची. पुढे कंपनीने ती वाट सोडली. त्यानंतर माझ्यासारख्याने लिनक्सवर कोरेल चालवलं तर ते नीट चालण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. कंपनीने ते लिनक्ससाठी विकलेलं नव्हतं, वाइनवाल्यांनी हमी दिलेली नव्हती, आणि मी तर पैसेच दिलेले नव्हते. एवढं साधं गणित मी मांडलं नाही. मला दिसलं ते एवढंच की खिडकी उघडली, तोच टूलबॉक्स आला, माझा हात जिथे जायचा तिथे तीच बटणं होती.

डाँगलचा ड्रायव्हर काही वाइनमध्ये चालेना. तेव्हा मी फाँटच्या नुसत्या फाइली उचलल्या आणि लिनक्समध्ये टाकल्या. अक्षरं दिसली. काम झालं असं मी समजलो.

यात पहिला फटका बसला तो आमच्या मामांना. मामा म्हणजे आमचे ऑपरेटर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मुळात कोर्टाच्या आवारात टाइपरायटरवर अर्ज टाइप करणारे. रेमिंग्टनच्या पद्धतीने त्यांची बोटं अशी चालायची की हस्तलिखितावरची नजर न काढता ते पानच्या पान कंपोझ करत. मी त्यांना न विचारता, ऐन लगीनसराईत, त्यांचं मशीन बदलून टाकलं. उबुंटूवर मराठीसाठी समोर आला तो इनस्क्रिप्ट कळफलक. सरकारी मानक आहे, शास्त्रशुद्ध आहे, नव्याने शिकणाऱ्याला सोपा आहे. पण मामांना ‘क’ शोधावा लागू लागला. गिऱ्हाइकासमोर अक्षर शोधत बसणं त्यांना अपमानाचं वाटत होतं आणि मी शेजारी उभा राहून “होईल सवय” म्हणत होतो.

थोड्याच दिवसांत ते म्हणाले, “दादा, मला लगीनसराईच्या आधी सांगायचं होतं. पावसाळ्यात शिकलो असतो.” आणि लातूरला एका प्रेसमध्ये लागले. लिनक्सवरही रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक बसवता येतो हे मला पुढे कळलं. तेव्हा मी शोधलंच नव्हतं. मामांसाठी थोडा वेळ शोधाशोध केली असती तर ते राहिले असते असं मला आजही वाटतं. मामांच्या जाण्याने पुढची मोठी चूक होण्याची वाटही मोकळी झाली, कारण प्लेटला जाण्याआधी प्रत्येक पान शेवटचं बघणारा माणूस तेच होते.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींचा गौरवग्रंथ आमच्याकडे छपाईला होता. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी समिती करून वर्गणी काढली होती, लेख मागवले होते. दहा फर्म्यांचं पुस्तक, पाचशे प्रती. कंपोझिंग मामांनीच जाण्याआधी जुन्या विंडोज मशीनवर पूर्ण केलं होतं. प्रूफं त्याच मशीनवरून काढली. ती गुरुजींनी स्वतः वाचली, लाल शाईने दुरुस्त्या केल्या, मी त्या लावल्या, त्यांनी पुन्हा वाचली. एवढी काळजी घेतलेलं प्रूफ माझ्या दुकानातून क्वचितच बाहेर पडलं असेल.

प्लेट करायला लातूरला पीडीएफ पाठवायची होती. नेमकं तेव्हा विंडोजचं मशीन अडकून बसलं. फाइली दुसरीकडे होत्या. मी त्या लिनक्सवरच्या कोरेलमध्ये उघडल्या, पानं भराभर खाली सरकवली, फोटो जागेवर आहेत, पानांचे क्रमांक बरोबर आहेत, मॅटर चौकटीबाहेर गेलेलं नाही एवढं पाहिलं, पीडीएफ केली आणि पाठवली. एकही ओळ वाचली नाही. वाचून झालेल्या पुस्तकात पुन्हा वाचायचं काय, असं मला वाटलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी बाइंडिंग होऊन प्रती आल्या. समितीतले एक गृहस्थ संध्याकाळी पुस्तक उघडं धरून दुकानात आले आणि बोट ठेवून म्हणाले, “हे वाचा.” तिथे ‘विद्याथ्याना’ असं छापलेलं होतं. पान उलटलं. ‘विद्याथ्यानी’. पुढे ‘सवाना’, ‘वषात’. एका शिक्षकाचा गौरवग्रंथ. त्यात ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द नाही असं पान सापडणं कठीण, आणि तो शब्द एकदाही बरोबर छापलेला नव्हता.

असं का झालं ते कळायला मला बरेच दिवस लागले. पण इथेच सांगतो, कारण ज्यांच्याकडे जुन्या फाइली आहेत त्यांना ते माहीत असायला हवं. जुन्या मराठी फाँटांत एकूण 256 घरं असतात आणि ती घरं मुळात इंग्रजी व युरोपीय अक्षरांची. त्या अक्षरांच्या जागी आपले आकार बसवलेले असतात. कॉम्प्युटरला वाटतं इथे इंग्रजी लिहिलंय. डोळ्यांना मराठी दिसतं. रफार आणि अनुस्वार एकत्र येतात तेव्हा त्यांचा मिळून एक वेगळा आकार या फाँटांत केलेला असतो. माझ्या फाँटात तो आकार अशा घरात होता, जे मुळात ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठीच्या अदृश्य रेघेचं घर आहे. जुन्या विंडोजवर ते घर दिसत होतं. माझ्या नव्या जुळणीतून पीडीएफ करताना कुठेतरी ती ‘अदृश्य रेघ’ समजली गेली आणि नियमाप्रमाणे लपवली गेली. प्रोग्रॅमने काही चुकीचं केलं नाही. त्याच्या दृष्टीने तिथे रफार-अनुस्वार कधी नव्हताच.

त्या रात्री मी, माझी पत्नी आणि समितीतले दोघे जण काळं बॉलपेन घेऊन बसलो. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना द्यायच्या प्रती आधी घेतल्या. शिरोरेषेच्या वर रफार, त्याच्या पोटाशी टिंब. पुन्हा पुढचा शब्द. छापील पानावर पेनाची खूण लपत नाही. बाकीच्या प्रती वाटायच्या नाहीत असं समितीने ठरवलं.

कार्यक्रमात गुरुजी माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, “प्रूफ मी वाचलं होतं ना? माझ्या नजरेतून एवढं कसं सुटलं?” त्यांना वाटत होतं की चूक त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांची आहे. मी त्या क्षणी सांगायला हवं होतं की गुरुजी, तुमचं प्रूफ बरोबर होतं, मी ते न वाचता दुसरीकडून छापायला दिलं. आजूबाजूला माणसं होती. मी काही बोललो नाही. नुसती मान हलवली.

पुढे त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या दिवशी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.” दुसरं काही बोलले नाहीत.

पुस्तक पुन्हा छापलं. कागद, प्लेटा, बाइंडिंग सगळं माझ्या खिशातून गेलं. त्या वर्षी दिवाळीपर्यंत जे मिळवलं ते त्यातच फिटलं. पैशाचं नुकसान आज आठवत नाही. गुरुजी आठवतात.

यानंतर कुणालाही वाटेल की मी लगेच सुधारलो. तसं झालं नाही. वाइन काढून टाकलं आणि त्याच रागात इंकस्केपवर उडी घेतली. कोरेलच्या जागी इंकस्केप, फोटोशॉपच्या जागी गिंप, म्हणजे झालं, असं मी धरून चाललो. इंकस्केप उत्तम आहे. त्यात मराठी युनिकोड टाइप केलं की जोडाक्षरं जिथल्या तिथे बसतात. 2015 च्या 0.91 आवृत्तीपासून ते कोरेलच्या फाइलीही बऱ्यापैकी उघडतं. पण ते पडद्यासाठी, लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या हिशोबाने घडलेलं आहे, आणि आपलं काम चार शाईंचं. मी एक चाररंगी लग्नपत्रिका इंकस्केपमध्ये केली, पीडीएफ काढली, पाठवली. प्लेटा करताना त्या काळ्या रंगाचे चार भाग झाले. वधू-वरांच्या नावांखालची बारीक अक्षरं निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या अशा चारही प्लेटांवर गेली. रजिस्ट्रेशन केसभर हललं की अशा अक्षराच्या कडेला रंगीत सावली दिसते. ती दिसली. वधूचे वडील भले होते, पत्रिका घेऊन गेले. पण पुढच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी दुसरीकडे केली.

बारीक काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर हवा, हे मी पंधरा वर्षं कोरेलमध्ये पाळत होतो. प्रोग्रॅम बदलताना हे ज्ञानही बरोबर न्यायचं असतं, हे डोक्यात आलं नाही. सॉफ्टवेअर नवं म्हणजे धंद्याचे नियमही त्याचे ते सांभाळेल, असं मी गृहीत धरलं.

त्याचा इलाज स्क्रायबस हा होता. पानं लावायचं खुलं सॉफ्टवेअर, चार शाईंचा हिशोब पक्का, पीडीएफ छापखान्याला चालणारी. मी ते आधी पाहून बाजूला ठेवलं होतं, कारण त्याच्या 1.4 आवृत्तीत देवनागरी मोडून पडायची. वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं सुटी. त्यानंतर 1.5 च्या मालिकेत गुंतागुंतीच्या लिप्या नीट बसवण्याचं काम झालं. त्यात ओमानमधल्या मंडळींचा वाटा मोठा होता. त्यांना अरबी हवी होती, आणि त्याच दारातून आपली देवनागरीही आत आली. मी एकदा पाहून नाही म्हटलेली वस्तू पुन्हा उघडून पाहायला काही वर्षं लावली. दरम्यान केरळमधल्या ‘जनयुगम’ या दैनिकाने 2019 मध्ये आपलं सगळं काम लिनक्स, स्क्रायबस, इंकस्केप, गिंप, क्रिता आणि युनिकोड फाँटांवर नेलं. रोज रात्री वेळेत पानं सोडावी लागणारं वर्तमानपत्र! ती बातमी वाचली तेव्हा माझ्याकडची सबबच संपली. त्यांनी आधी माणसांना शिकवलं, फाँट तयार ठेवले, मग मशीन बदलली. मी बरोबर उलट्या क्रमाने गेलो होतो.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि लगीनसराई बुडाली. शटर खाली होतं. त्या रिकाम्या वेळात मी स्क्रायबस नीट शिकलो आणि जुन्या फाइली युनिकोडात आणायला बसलो. एका मुलीचं पत्र आधीच येऊन पडलं होतं. तिच्या आजोबांनी आपल्या गावातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. ती पुस्तिका 2003 मध्ये आमच्याकडे छापली होती. आजोबा गेले होते, वह्या सापडत नव्हत्या, घरात उरलेल्या एकुलत्या प्रतीची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती. तिला दुसरी आवृत्ती काढायची होती. “तुमच्याकडे मॅटर असेलच,” असं तिने लिहिलं होतं.

मॅटर पेजमेकरमध्ये होतं. पेजमेकर कधीच बंद पडलं होतं, शेवटची 7.0 आवृत्ती 2001 ची. लिबरऑफिसच्या 4.4 आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय झाली आहे. तीत फाइली उघडल्या. मांडणी विस्कटलेली होती, मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा; पण तो होता. पुतण्याने फोनवरून सांगत सांगत माझ्याकडून एक तक्ता करून घेतला. कुठल्या घरात कुठला आकार आहे, त्याला युनिकोडात काय लिहायचं. तक्ता सोपा, क्रम अवघड. जुन्या फाँटात ‘वि’ लिहायचा तर वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर, कारण डोळ्यांना ती तशी दिसते. युनिकोडात आपण उच्चारतो तसं, ‘व’ आधी. रफार तर पार उलटा. ‘विद्यार्थ्यांना’ या शब्दात जुन्या फाँटात तो ‘थ्या’ पूर्ण झाल्यावर वर चढवलेला असतो. युनिकोडात ‘र्’ आधी येतो आणि मग ‘थ्या’. शब्दाच्या मध्यातून उचलून त्याला मागे नेऊन ठेवावं लागतं. मी तपासणीसाठी पहिला हाच शब्द घेतला होता. तो बरोबर उतरला तेव्हा पुढच्या ओव्यांना हात घातला.

सगळ्या ओव्या मिळाल्या नाहीत. मुखपृष्ठ आणि काही पानं मी कोरेलमध्ये ‘कर्व्ह करून’ ठेवली होती. फाँटची कटकट नको म्हणून आपण सर्रास कर्व्ह करतो. तसं केलं की अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. ती पानं पडद्यावर पाहून पुन्हा टाइप केली. पण शेवटचा भाग एकाच सीडीवर होता आणि ती सीडी वाचली गेली नाही. वाळवीने खाल्लेली पानंही तीच होती. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांच्यातलं कुणी उरलेलं नाही. एका सीडीची दुसरी प्रत करायला तेव्हा काही रुपये लागले असते.

या गावात राहून हे मनाला अधिक लागतं. संतकवी दासोपंतांनी इथेच पासोडीवर, कित्येक हात लांब कापडावर, ‘पंचीकरण’ लिहिलं. ते गेले 1615 मध्ये. चारशे वर्षांनंतर ते कापड समोर पसरलं तर ज्याला वाचता येतं त्याला ते वाचता येतं. मध्ये कुणाची परवानगी लागत नाही. माझ्याकडची सतरा वर्षांपूर्वीची ओवी मला वाचता आली नाही.

आज माझ्या दुकानात पुस्तकं, स्मरणिका, पत्रिका, पावतीपुस्तकं सगळं लिनक्सवर होतं. मजकूर लिबरऑफिसमध्ये, चित्रं इंकस्केप आणि गिंपमध्ये, शेवटची पानं स्क्रायबसमध्ये. 2024 च्या जानेवारीत आलेली स्क्रायबसची 1.6 आवृत्ती देवनागरीसाठी भरवशाची आहे. फाँटांची ददात राहिलेली नाही. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, टिरो देवनागरी मराठी, हे फाँट वापरायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत आणि लपवाछपवीही करावी लागत नाही. लोहित तर मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेला आणि रेड हॅटने खुला केलेला. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले म्हणून वयस्कर गिऱ्हाइकं नाराज होतात. ज्या फाँटात दोन्ही आकार आहेत तिथे मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडली की ते आपल्या वळणाचे होतात. हे पाळा.

एका मशीनवर विंडोज आणि पैसे मोजून घेतलेलं कोरेल ठेवलं आहे. बाहेरून येणारं काम अजून बहुतेक त्यातच येतं आणि मोठी, गुंतागुंतीची फाइल इंकस्केप जशीच्या तशी उघडत नाही. ज्यांचा सगळा धंदाच अशा फाइलींवर आहे त्यांनी कोरेल विकत घ्यावं आणि ते विंडोजवरच चालवावं, असं माझं मत आहे. गिऱ्हाइकाचं काम घेऊन वाइनच्या वाटेला जाऊ नये. आणि पीडीएफ कुठल्याही मशीनवरून काढलेली असो, छापायला जाते तीच पीडीएफ कागदावर काढून शेवटची वाचल्याशिवाय माझ्या दुकानातून आता काही बाहेर जात नाही. मामा लातूरहून कधी आले तर ते वाचतात, नाही तर पत्नी वाचते.

तुमच्या कपाटात जुन्या फाँटातल्या फाइली असतील, गावच्या मंडळाच्या स्मरणिका, कुणाच्या कविता, कुणाच्या ओव्या, तर त्या उघडणारं जुनं मशीन सुरू आहे तोवर त्या युनिकोडात करून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. ज्याचं मॅटर आहे त्यालाही एक प्रत द्या. तक्ता हवा असेल तर माझा घेऊन जा. कोरेलचं नंतर बघता येईल.